जागा आधीच ठरली असेल तर मुलाखती कशाला घेता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात नोकरीतल्या वशिलेबाजीवर अधूनमधून पत्रं येतात, ती मी न चुकता वाचते. बहुतेक पत्रं ज्यांना नोकरी मिळाली नाही त्यांची असतात, नाहीतर त्यांच्या आईवडिलांची. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याचं पत्र काही मला आजवर दिसलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी गेली अकरा वर्षं आमच्या ऑफिसच्या इंटरव्ह्यू पॅनेलवर बसते. कुठलं ऑफिस, काय काम करतो आम्ही, ते सांगत नाही, कारण जे सांगणार आहे ते कुठल्याही ऑफिसातला माणूस सांगू शकेल, फक्त कुणी सांगत नाही.

आमच्याकडे पद्धत अशी की पॅनेलवर तिघं, प्रत्येकापुढे मार्कांचा कागद, त्यात पाच रकाने, शेवटी टोटल आणि खाली सही. आणि कागदाशेजारी एक टोक केलेली पेन्सिल ठेवलेली. पेन नाही, पेन्सिल. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं खाडाखोड होऊ नये म्हणून असेल, चांगलंय. ती पेन्सिल कशासाठी असते ते मला तिसऱ्या की चौथ्या वेळेला कळलं.

त्या दिवशी एका जागेसाठी नऊ जण आले होते. सहाव्या नंबरला एक मुलगी आली, हातात फाईल, त्यात प्रत्येक सर्टिफिकेट वेगळ्या प्लास्टिकच्या कव्हरात आणि मागे दोन झेरॉक्सचे सेट नीट पिना मारून. आम्ही विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर तिला येत नव्हतं. बाकीचे अशा वेळी काहीतरी ठोकून देतात, ती म्हणाली, सर हे मला माहीत नाही, पण मला करायला सांगितलं तर मी आधी हे बघेन, मग ते बघेन, आणि तिने जे सांगितलं ते आम्ही रोज जसं करतो तसंच होतं. मी ५० पैकी ४१ दिले. शेजारच्यांचा कागद दिसत होता, त्यांनी ३९ दिलेले. सगळे झाल्यावर साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, तो आठवा नंबर बघा जरा, वरून शब्द आलाय. आठव्या नंबरला माझ्याकडे २८ होते.

पुढे काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. माझ्या शेजारी बसलेले सीनिअर शांतपणे खोडरबर काढून कामाला लागले, जणू हे रोजचंच काम आहे, आणि आपलं झाल्यावर त्यांनी तो रबर माझ्याकडे सरकवला. मी खोडलं. ४१ चे ३४ केले आणि २८ चे ४२. कागदावर रबराचा भुगा पडलेला, तो मी हाताने झटकला आणि खाली सही केली. सही मात्र पेनने करायची असते.

बाहेर आले तर ती मुलगी अजून पॅसेजमध्येच उभी, मॅडम रिझल्ट कधी कळेल म्हणाली. मी म्हटलं कळवू. नंतर तिचा ऑफिसात दोनदा फोन आला, रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं अजून प्रोसेस चालू आहे. प्रोसेस तर त्याच दिवशी संपली होती, खरं म्हणजे जाहिरात यायच्या आधीच संपली होती.

मला ज्याची चीड येते ते हे. आठवा नंबर घ्यायचा हे आधीच ठरलं होतं तर बाकीच्या आठ जणांना बोलावलं कशाला? त्यातल्या चौघांनी तरी चालू नोकरीत खोटं कारण सांगून रजा काढली असणार, कुणी लहान मूल दुसऱ्याकडे ठेवून आलं असणार, रात्री जागून तयारी केली असणार, आणि हे सगळं कशासाठी तर आमच्या फायलीत नऊ जणांच्या मुलाखती घेतल्याचे कागद लागावेत म्हणून. नोकरी न मिळण्याचं दुःख माणूस पचवतो हो, पण त्या मुलीला वाटलं असेल की आपण कमी पडलो. घरी जाऊन तिने तो न आलेला प्रश्न शोधून वाचला असेल, पुढच्या वेळी त्याची तयारी करून गेली असेल. आम्ही तिला खोटा निकाल दिला, आणि खोट्या निकालावरून माणूस स्वतःबद्दल खोटी मतं करून घेतो, हे नुकसान कुठल्या रकान्यात लिहिणार?

आता साहेब लोकांची बाजूही सांगते, कारण ती मी अकरा वर्षं ऐकतेय. ओळखीचा माणूस भरवशाचा असतो, पळून जात नाही, काही झालं तर निदान कुणाला विचारता तरी येतं. यात अगदीच तथ्य नाही असं नाही. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या एका उपनगरातल्या २८२ नोकरदार पुरुषांचा अभ्यास केला होता, तो सत्तरच्या दशकात छापून आला, त्यात निम्म्याहून जास्त लोकांना, म्हणजे ५६ टक्क्यांना, नोकरी ओळखीतूनच मिळालेली निघाली. आणि गंमत बघा, ओळखीतून मिळालेल्यांपैकी बहुतेकांची ती ओळख घट्ट नव्हतीच, कधीतरी भेटणारा माणूस, जुना सहकारी, असा कुणीतरी. १९७३ च्या त्याच्या लेखातला मुद्दाच हा होता की जवळच्या लोकांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, नवी खबर लांबच्या ओळखीतून येते. म्हणजे त्या ओळखीने काय केलं तर जागा निघाल्याची बातमी पोचवली. तेवढं करायला माझी काहीच हरकत नाही, मी स्वतः कितीतरी मुलांना सांगितलंय की अमुक ठिकाणी अर्ज टाक. बातमी देणं वेगळं आणि मार्क वाढवणं वेगळं, पण आपल्याकडे बोलताना दोन्हीला ओळख हा एकच शब्द वापरून मोकळं होतात. (आणि बातमीसुद्धा ज्याच्या घरात आधी कुणी ऑफिसात नोकरीला आहे त्यालाच कळते. जो घरातला पहिलाच असतो त्याला कोण सांगणार? म्हणून जाहिरात उघड पाहिजे आणि खरी पाहिजे.)

भाषा तर बघा ना याची. मार्क बदला असं आजपर्यंत मला एकाही माणसाने तोंडाने सांगितलेलं नाही. कानावर घालून ठेवतो. बघा जमलं तर. आपलाच मुलगा आहे. जरा सांभाळून घ्या. लक्ष असू द्या. यातल्या एकाही वाक्यात गैर असं काही नाही, कुणी रेकॉर्ड केलं तरी काही सापडणार नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला बरोब्बर कळतं की रबर कुठल्या नावापुढे चालवायचा. मी याला एक उपाय सांगते, जो मी दोनदा करून बघितलाय. कुणी आपलाच मुलगा आहे म्हणालं की मी म्हणते, छान, मग त्याच्याबद्दल चार ओळी लिहून द्या, तुम्ही त्याचं काम कधी, किती दिवस बघितलं, त्याला काय येतं आणि काय येत नाही, खाली तुमचं नाव, फायलीला लावते. दोन्ही वेळा तो कागद आला नाही. ज्याने खरंच कुणाबरोबर काम केलेलं असतं तो हे दहा मिनिटांत लिहून देतो आणि असा कागद मला मोलाचा वाटतो, खरा रेफरन्स तोच. बाकीचा नुसता नात्याचा दाखला.

त्या आठव्या नंबरच्या मुलाचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण अशा पत्रांत त्याला नेहमी व्हिलन करतात. तो वाईट नव्हता. नम्र होता, वेळेवर यायचा. पण पहिल्या आठवड्यातच सगळ्या मजल्याला कळलं की हा वरचा माणूस, आणि त्या दिवसापासून त्याला कुणी खरं काही बोललं नाही. त्याच्या चुका शेजारचा गुपचूप दुरुस्त करायचा आणि मग जेवणाच्या सुट्टीत त्याच्या नावाने बोटं मोडायचा. अवघड काम त्याला कुणी द्यायचंच नाही, उगाच बिघडलं तर वर कोण उत्तर देणार. वर्षभराने एकदा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, मॅडम, माझी चूक मला इथे कुणी सांगतच नाही, मला काही येतंय की नाही तेच कळत नाही. मला त्याच्याकडे बघवेना. त्याचे २८ चे ४२ माझ्या हाताने झालेले, आणि ते त्याला माहीतही नव्हतं. ज्यांनी शब्द टाकला त्यांना वाटत असेल पोराचं भलं केलं.

आता माझ्या घरची गोष्ट. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे जागा निघाली आणि माझ्या धाकट्या बहिणीचा फोन, ताई, तू पॅनेलवर आहेस, तुझ्या एका शब्दाचं काम आहे, पोरगी दोन वर्षं घरी बसलीये. मी म्हटलं अर्ज करू दे, पण मी पॅनेलवर बसणार नाही आणि कुणाला काही सांगणार नाही. बहीण चार महिने माझ्याशी धड बोलली नाही. मी साहेबांना लेखी दिलं की उमेदवारांत माझी भाची आहे, तिची मुलाखत असेल तेव्हा मी बाहेर थांबेन, आणि थांबले. मला फार बरं वाटत होतं त्या दिवशी, आपण नियमाने वागलो असं. भाचीचं सिलेक्शन झालं. आणि दोन दिवसांनी तेच शेजारचे सीनिअर हसून म्हणाले, मॅडम, तुमची भाची म्हणून आम्ही सगळ्यांनी सांभाळून घेतलं हं.

पायाखालची जमीन सरकली माझ्या. मी उठून बाहेर गेले याचा उपयोग काय झाला? उलट माझं ते लेखी पत्र वाचूनच सगळ्यांना कळलं की ही कुणाची.

नंतर कधीतरी वाचताना कळलं की हे मी एकटीने अनुभवलेलं नाही. स्वीडनमध्ये क्रिस्टिन व्हेनेरोस आणि ॲग्नेस वोल्ड या दोन संशोधक बायकांनी तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या फेलोशिपचे मार्क तपासले होते, १९९५ सालचे ११४ अर्ज, आणि १९९७ मध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकात ते छापून आलं. बायकांना पुरुषांपेक्षा कमी मार्क पडत होते हे त्यात निघालंच, पण दुसरं असं निघालं की ज्या उमेदवाराचा समितीतल्या कुणाशी संबंध होता त्याला जास्त मार्क मिळत होते. आता तिथे नियम होता की आपल्या माणसाला मार्क द्यायचे नाहीत, आणि तो नियम पाळलाही जात होता. मार्क वाढवून देत होते ते बाकीचे, ज्यांचा त्या उमेदवाराशी काहीच संबंध नव्हता. मी वाचलं तेव्हा मला आमची केबिन आणि सीनिअरांचं ते हसणं आठवलं. आणि लक्षात घेण्यासारखं म्हणजे ते मार्कांचे कागद त्या दोघींना सहज मिळाले नाहीत, कौन्सिल द्यायला तयार नव्हती, कोर्टाने हे सार्वजनिक कागद आहेत असं सांगितल्यावर मिळाले. जगात इतकी सरळ म्हणून नावाजलेली व्यवस्था, तिथे ही गत, आणि कागद उघडले तेव्हाच ती दिसली.

माझी भाची आजही तिथेच काम करते, चांगलं करते. पण तिला ती जागा तिच्या मार्कांवर मिळाली की माझ्या नावावर, हे मला माहीत नाही आणि तिला तर मी विचारायची सोय ठेवलेली नाही. ते मूळचे आकडे पेन्सिलीत होते, गेले.

लोक म्हणतात हे असंच चालत आलंय, चालणार. चालत आलंय हे खरंय. इंग्रजीत याला जो नेपोटिझम शब्द आहे तोच मुळी इटालियनमधल्या पुतण्या-भाच्याच्या शब्दावरून आला, कारण पोप आपल्या पुतण्या-भाच्यांना कार्डिनल, म्हणजे आपल्या खालोखालचे बडे धर्माधिकारी, करायचे. पण १६९२ मध्ये बारावे इनोसंट या पोपनीच फर्मान काढून नातेवाइकांना पदं आणि इस्टेटी वाटणं बंद केलं, लायक असला तर फक्त एकच नातेवाईक कार्डिनल होऊ शकेल एवढीच सूट ठेवली. आणि त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे हजार वर्षांपूर्वी, चीनमध्ये सोंग घराण्याच्या काळात सरकारी परीक्षेच्या पेपरावरचं नाव चिकटवून झाकायचे, आणि तेवढ्याने भागत नाही, परीक्षक अक्षरावरून ओळखतो, हे कळल्यावर सगळे पेपर कारकुनांकडून पुन्हा लिहून काढायचे आणि ती नक्कल तपासायला द्यायचे. हजारो पेपर हाताने नकलायचे, का तर कुणाचं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून! आणि आम्हाला साधं पेन वापरायचं जड जातं.

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. मार्क पेनने लिहा आणि आपापसात एक शब्द बोलायच्या आधी लिहा. प्रत्येक उमेदवाराची मुलाखत संपली की कागद लगेच बंद पाकिटात जाऊ दे, केबिनमध्ये नंतर काय बोलणी व्हायची ती होऊ देत. नात्यातला कुणी उमेदवार असेल तर मी केलं तसं नुसतं उठून बाहेर जाऊ नका, ती सगळी भरतीच दुसऱ्या विभागाच्या पॅनेलकडे द्या ज्यांना तुम्ही रोज दिसत नाही. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, कारण गप्पा मारत घेतलेल्या मुलाखतीपेक्षा ठरलेले प्रश्न सारखे विचारून माणूस पुढे काम कसा करेल याचा अंदाज बरा लागतो हे अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलंय, आणि गप्पांमध्ये आपल्यासारखा बोलणारा, आपल्या ओळखीच्यांना ओळखणारा माणूस आपसूक आवडून जातो हे मी स्वतःवरूनच सांगते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याची मुलाखत घेतली त्याला त्याचे मार्क कळवा. निदान त्याने मागितले तर द्या. त्या सहाव्या नंबरच्या मुलीच्या हातात तिचे ४१ पडायला हवे होते.

आणि खाजगी मालक असेल, स्वतःचा धंदा असेल, त्याला आपल्या भावाच्या मुलालाच घ्यायचं असेल तर घेऊ दे की, त्याचे पैसे आहेत. पण मग सरळ घ्या. जाहिरात देऊ नका, आठ लोकांना उन्हातान्हात बोलावू नका, त्यांच्या झेरॉक्स ठेवून घेऊ नका.

मागच्या महिन्यात आमच्याकडे पुन्हा मुलाखती होत्या. मी घरून पेन घेऊन गेले आणि पहिल्या उमेदवारापासून पेनने मार्क लिहायला घेतले. साहेबांच्या लक्षात आलं, म्हणाले, मॅडम, पेन्सिल आहे की तिथे, पेनने खाडाखोड होईल. मी म्हटलं, होऊ दे सर, झाली तर दिसेल तरी. त्यावर ते काही बोलले नाहीत. दुपारनंतर आमच्या पॅनेलवर नव्याने आलेल्या मुलीनेही पर्समधून पेन काढलं. सीनिअरांनी पेन्सिलच वापरली.

मी अजून त्याच ऑफिसात आहे आणि पुढेही त्या पॅनेलवर बसायचं आहे, म्हणून पत्र छापलंत तर माझं नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक वाचक